शोधण्याची मजुरी

माजलगावला दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. एक गढीकडून येऊन पाथरी-परभणीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 61, आणि दुसरा परतूरकडून येऊन तेलगाव, धारूर, केजमार्गे पंढरपूरकडे जाणारा खामगावचा रस्ता. सिंदफणेवरच्या धरणाच्या पाण्यावर इथं ऊस वाढला, बाजारात कापूस आणि सोयाबीन येतं, गावोगाव बांधकामं चालू असतात. हा सगळा माल आडगावांपर्यंत नेणारी गाडी बहुतेक वेळा जुनी घेतलेली पिकअप असते. घेणाऱ्याला नवी गाडी परवडत नाही आणि जुनीसुद्धा तो हप्त्यावर घेतो. गाडी गॅरेजात उभी राहिली की भाडं बुडतं, हप्ता मात्र थांबत नाही.

अशा गाडीचा सगळ्यात जास्त छळणारा दोष म्हणजे काही केल्या न जाणारा हादरा. इंजिन एका झटक्यात सुरू होतं, गिअर नीट पडतात, ब्रेक लागतात. पण ठरावीक वेग आला की फरशीतून आणि सीटमधून थरथर येऊ लागते. एक भाग बदलतो, दुसरा बदलतो, खर्च वाढत जातो, थरथर तशीच राहते.

या दोषाला भिडायच्या दोन रीती आहेत. ज्याच्यावर संशय तो भाग बदलून पाहायचा, ही एक. आधी चाचण्या घेऊन दोष कुठं आहे ते ठरवायचं आणि मगच पाना लावायचा, ही दुसरी. दोन्ही रीतींमागं खरी कारणं आहेत, म्हणून मी त्यांना समोरासमोर बसवलं आहे. एका बाजूला स्वतःचं गॅरेज चालवणारे मिस्त्री, दुसऱ्या बाजूला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवणारे निदेशक. ही माणसं, ही गाडी आणि तिच्यावरची मापं मी रचलेली आहेत. बिघाड, त्यामागचं यंत्रशास्त्र आणि या दोघांमधला वाद मात्र खरा आहे.

मिस्त्री : या सर, बसा. ही पिकअप बघा. पंचावन्नच्या पुढं गेली की लई थरथरायलीय. चाकं बॅलन्स करून आणली, शाफ्टचे क्रॉस नवे टाकले, सेंटर बेअरिंग बदललं. फरक शून्य. आता गिअरबॉक्स उतरवतो अन् क्लच प्लेट, प्रेशर प्लेट बघतो.

निदेशक : उतरवायच्या आधी एक विचारू का मामा? क्लचवर संशय कशावरून आला?

मिस्त्री : बाकीचं सगळं बदलून झालं, म्हणून.

निदेशक : म्हणजे क्लचविरुद्ध पुरावा काहीच नाही. दुसरं काही उरलं नाही, एवढंच.

मिस्त्री : सर, तुमच्याकडं गाडी वर्षभर उभी असती. पोरं खोलतात, जोडतात, परत खोलतात. माझ्याकडं गिऱ्हाईक सकाळी गाडी लावतं अन् संध्याकाळी न्यायला येतं. त्याला दिवसभर मी मापं घेत बसलेला दिसलो तर तो म्हणतो, मिस्त्रीला काही समजंना. अन् क्रॉस बदलला ते वाया गेलं का? इतकी पळालेली गाडी, तिचा क्रॉस आज नाही तर उद्या जाणारच होता. सेंटर बेअरिंगचं रबर तर फाटलेलं होतं, तुम्हाला दाखवतो.

निदेशक : रबर फाटलं होतं तर बदलायलाच पाहिजे होतं. क्रॉसचंही तेच. क्रॉसची सुई-बेअरिंगं झिजून एखादा सांधा सुटला आणि शाफ्टचं पुढचं टोक रस्त्यावर पडलं, तर गाडी उलटू शकते. ते काम मी वाया म्हणत नाही. पण ते देखभालीचं काम झालं, हादऱ्याचा शोध तिथं लागला नाही. तिन्ही कामं करून हादरा तसाच राहिला, ही तुमच्या हातात आलेली माहिती आहे. तिचा उपयोग करून घेऊ.

मिस्त्री : करा. पण गिअरबॉक्स नाही उतरवला तर क्लच कसा बघणार?

निदेशक : रस्त्यावर. तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो. गाडी रिकामी आहे तशीच घ्या.

दोघं गाडी घेऊन पाथरी रस्त्याला लागतात. रस्ता मोकळा मिळाल्यावर निदेशक तीन गोष्टी करायला सांगतात. साठच्या वेगानं आधी चौथ्या गिअरमध्ये चालवायचं आणि मग त्याच वेगानं पाचव्यात. पुढं साठलाच क्लच दाबून गाडी न्यूट्रलमध्ये घ्यायची आणि तशीच वाहू द्यायची. शेवटी कडेला उभं राहून जागेवरच इंजिन तितक्याच फेऱ्यांवर न्यायचं. तिन्ही चाचण्या झाल्यावर ते गॅरेजवर परततात.

निदेशक : काय दिसलं मामा?

मिस्त्री : चौथ्यात अन् पाचव्यात सारखंच. साठला यायलंय ते यायलंयच. न्यूट्रल केल्यावर कमी झालं, पण पुरतं गेलं नाही. जागेवर रेस केली तर काहीच नाही.

निदेशक : आता क्लचचा विचार करा. अशा गाडीत चौथा गिअर बहुधा थेट असतो. इंजिनाच्या जितक्या फेऱ्या तितक्याच शाफ्टच्या. पाचव्यात इंजिन मंदावतं, पण वेग तोच असल्यामुळे शाफ्ट आणि चाकं पहिल्याइतकीच फिरत राहतात. हादरा इंजिनाचा, फ्लायव्हीलचा किंवा क्लचचा असता तर पाचव्या गिअरमध्ये तो दुसऱ्या वेगाला सरकला असता. जागेवर रेस केल्यावरही जाणवला असता. तो सरकला नाही आणि उभ्या गाडीत आलाही नाही. मग तो गिअरबॉक्सच्या मागं कुठंतरी आहे.

मिस्त्री : म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचं काम वाचलं.

निदेशक : तुमची मेहनत वाचली आणि गिऱ्हाइकाचा क्लचचा खर्च वाचला.

मिस्त्री : मान्य. पण सर, मागं तर सगळं नवं आहे. आता तुम्ही म्हणताल, चाकं परत बॅलन्स करा. ते मी करणार नाही. चाकाचा हादरा मला कळतो. चाक आउट असलं की गाडी उड्या मारती, त्या उड्या मोजता येतात. ही उड्या मारंना, ही गुणगुणायलीय.

निदेशक : तुमच्या अंगाला जे कळलं ते गणितानंही येतं. या टायरचा बाहेरचा व्यास साधारण सत्तर सेंटिमीटर धरा. म्हणजे एका फेरीत गाडी सव्वादोन मीटरच्या जरा आत पुढं जाते. साठच्या वेगाला चाक सेकंदाला साडेसात फेऱ्या घेतं. मागच्या हाउसिंगमधलं क्राउन-पिनियनचं प्रमाण चारच्या आसपास असेल, तर शाफ्ट सेकंदाला तीस फेऱ्या घेतो. चाकाचा दोष सेकंदाला सात-आठ धक्के देतो. त्या उड्या, मोजता येणाऱ्या. शाफ्टचा तोल गेला असेल तर तीस धक्के. आणि शाफ्टच्या सांध्यांचे कोन जुळत नसतील तर त्याच्या दुप्पट, म्हणजे साठ.

मिस्त्री : दुप्पट काहून?

निदेशक : क्रॉसचा स्वभावच तसा आहे. हा सांधा आपल्याकडं कार्डन नावानंही ओळखतात. सोळाव्या शतकातल्या इटलीच्या जेरोलामो कार्दानोवरून ते नाव पडलं. पण त्याच्या चालीचा नीट अभ्यास इंग्लंडच्या रॉबर्ट हूकनं सतराव्या शतकात केला. क्रॉस जेव्हा कोनात फिरतो, तेव्हा इकडचा शाफ्ट एकसारखा फिरत असला तरी पलीकडचा एकसारखा फिरत नाही. एका फेरीत तो दोनदा पुढं धावतो आणि दोनदा मागं रेंगाळतो. कोन दहा अंशांचा असेल तर हा फरक दीड टक्का वर आणि दीड टक्का खाली इतका होतो. कोन निम्मा केला तर फरक पाव होतो.

मिस्त्री : मग प्रत्येक गाडी हादरायला पाहिजे. क्रॉस तर सगळ्यांनाच असतात.

निदेशक : म्हणून शाफ्टला सांधे जोडीनं असतात. पहिल्यानं जे बिघडवलं ते दुसऱ्यानं दुरुस्त करायचं. पण त्याला दोन अटी आहेत. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे फोर्क एका रेषेत हवेत, आणि दोन्ही सांध्यांचे कोन सारखे हवेत. त्यात एखाद्या अंशापेक्षा जास्त फरक असू नये, असं धरतात. यातली एक अट मोडली की बेरीज-वजाबाकी जुळत नाही आणि उरलेला फरक फरशीतून आपल्या पायाला कळतो.

मिस्त्री : पहिली अट माझ्याकडून मोडत नसती. खूण केल्याबिगर मी शाफ्ट सोडत नाही. स्प्लाइनचा एक दाता इकडचा तिकडं बसला तरी गाडी नाचती, हे मी एसटी डेपोतल्या मिस्त्रींकडून शिकलोय. वाका अन् बघा.

निदेशक गाडीखाली वाकून पाहतात. शाफ्टवरच्या दोन्ही खुणा समोरासमोर आहेत आणि फोर्क एका रेषेत आहेत. मिस्त्रींचं म्हणणं खरं निघतं.

निदेशक : पहिली अट पाळलेली आहे. रस्त्यावर मी फोनमधलं कंपन मोजणारं अ‍ॅप सीटच्या पायाशी लावून ठेवलं होतं. प्रत्येक फोनला इतकं वेगवान कंपन मोजता येत नाही, याला येतं. सगळ्यात जोरदार कंपन सेकंदाला साठ धक्क्यांच्या जवळ आहे.

मिस्त्री : फोन सांगतो म्हणून मी शाफ्ट खाली घ्यायचा?

निदेशक : नाही. फोननं फक्त कुठं पाहायचं ते सांगितलं. आकडा तीसच्या जवळ आला असता तर मी शाफ्ट वाकला आहे का ते डायल गेज लावून पाहायला सांगितलं असतं, शाफ्टवर वेल्डिंग केलेलं तोलाचं वजन गळून पडलंय का तेही. पाइपाची पट्टी शाफ्टवर आवळून, तिचं डोकं चारही बाजूंना फिरवून तोल कुठं सुधारतो ते बघायची जुनी युक्तीही आहे. ते काम तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं कराल. पण इथं ते करायचं कारण नाही. इथं कोन मोजायचे. त्याच्याही आधी एक राहिलंय. ही गाडी रोज चालवतो कोण?

मिस्त्री : मालकच. तो बघा तिथं बसलाय.

मालकाला बोलावलं जातं. निदेशक त्याला एवढंच विचारतात की हादरा कधी येतो आणि कधी येत नाही. मालक सांगतो, माल भरला की गाडी गप्प चालते. धारूरचा घाट भरून चढताना कधी काही जाणवलं नाही. माल उतरवून रिकामी परत यायला लागली की तेलगावच्या पुढं सपाटीला नको नको होतं.

मिस्त्री : हे मला आधी काहून नाही सांगितलं?

मालक म्हणतो, तुम्ही विचारलं नाही, अन् मला वाटलं रिकामी गाडी जरा हादरतच असती.

निदेशक : घाटाचं उत्तर जपून वापरू. घाटात वेग कमी असतो, म्हणून तिथं शाफ्ट गप्प राहिला यावरून शाफ्टबद्दल काही ठरत नाही. पण भरलेली गाडी घाटात उचलताना क्लचवर, इंजिनाच्या फाउंडेशनवर सगळ्यात जास्त ताण येतो. ते तिथं गप्प आहेत, म्हणजे त्यांच्यावरचा संशय आणखी कमी झाला. खरी गोष्ट दुसरी आहे. रिकामी आणि भरलेली यांत गाडीच्या खाली काय बदलतं?

मिस्त्री : पाटे. भरली की पाटे बसतात.

हे म्हणताना मिस्त्री आधीच मागच्या चाकाशी वाकलेले असतात. पुढचं वाक्य ते गाडीखालूनच बोलतात.

मिस्त्री : सर, इकडं या. हा तिसरा पाटा कंपनीचा नाही. याचं टोक बघा, कापून घासलेलं आहे. क्लिपमध्ये बसंना म्हणून क्लिप उघडी ठेवलीय. सेंटर बोल्टबी लांब घातलाय. पलीकडच्या बाजूलाही तसंच आहे. पहिल्या मालकानं जादा माल भरायला पाटा वाढवलाय. म्हणूनच ही रिकामी असली की मागून उंच दिसायलीय. माझ्या डोळ्यासमोर होतं अन् मी शाफ्टच बघत बसलो.

निदेशक : हा पाटा मी ओळखला नसता मामा. मला फक्त कोन बिघडलाय एवढं कळलं असतं. कशानं बिघडला ते तुम्ही सांगितलं.

मिस्त्री : पण पाटा वाढवला की कोन कसा बिघडतो? शाफ्टला तर कुणी हात लावला नाही.

निदेशक : पाटा वाढला की पाट्यांची कमान जास्त फुगते आणि गाडीचा मागचा भाग वर उठतो. सेंटर बेअरिंग चेसिसला बांधलेलं असतं, ते चेसिसबरोबर वर जातं. हाउसिंग चाकांबरोबर खालीच राहतं. मधला शाफ्ट जास्त तिरपा होतो. शिवाय पाट्याचं पुढचं टोक पक्कं आणि मागचं झुलत्या कडीला असल्यामुळे हाउसिंगचं तोंडही थोडं वळतं. आता कोन मोजू. गाडी सपाट जागेवर, वजन चारही चाकांवर. जॅकवर उचलून मोजलं तर पाटे लोंबतात आणि माप खोटं येतं.

मोजल्यावर रिकाम्या गाडीत सेंटरजवळच्या सांध्याचा कोन सात अंश निघतो आणि हाउसिंगजवळच्या सांध्याचा तीन. मग हौद्यात सिमेंटच्या गोण्या टाकल्या जातात, जवळपास आरसीवरच्या वजनाइतक्या. आता पुढचा कोन पाचवर येतो आणि मागचा साडेचारवर.

निदेशक : सात अंशाला शाफ्टचा वेग दर फेरीत सुमारे पाऊण टक्का वर-खाली होतो. तीन अंशाला जेमतेम टक्क्याचा सातवा हिस्सा. मागचा सांधा पुढच्याची चूक भरून काढायला अपुरा पडतो. भरल्यावर दोन्ही कोन जवळ आले आणि हादरा विरला. क्रॉस कितीही नवा टाका, हे गणित बदलत नाही. न्यूट्रलमध्ये हादरा कमी झाला, कारण शाफ्टवरची ओढ गेली. पुरता गेला नाही, कारण शाफ्ट त्याच तिरप्या कोनात फिरतच होता.

मिस्त्री : पटलं. पण आता खरी अडचण ऐका. पाटा काढला की हा माणूस म्हणणार, माझा माल कमी झाला. भाडं वजनावर आहे सर. पहिल्या मालकानं पाटा हौसेनं नाही टाकला. मी पाटा न काढता हाउसिंगच्या बैठकीला पाचर देतो, नाहीतर सेंटर बेअरिंगच्या ब्रॅकेटला पट्टी टाकून ते खाली घेतो. कोन जुळवून देतो. मग काय हरकत?

निदेशक : पाचरीनं रिकाम्या गाडीचे कोन जुळतील. पण पाचर कायम राहते आणि पाटे माल भरला की बसतात. रिकामी शांत झाली तर भरलेली हादरू लागेल. ब्रॅकेट खाली घेतलं तर गिअरबॉक्सकडच्या सांध्याचा कोन वाढतो. दोष एका सांध्यातून काढून दुसऱ्यात घातल्यासारखं होईल. पाचर कामाची असते, पण मूळ कमान कंपनीच्या मापाची असताना.

मिस्त्री : अन् धंद्याचं काय?

निदेशक : मामा, पाट्यानं फक्त कमान वाढली. ब्रेक तेच राहिले, टायर तेच, एक्सल तोच, हबचं बेअरिंगही तेच. गाडी जास्त वजन उचलू लागली, थांबवणारी ताकद मात्र वाढली नाही. धारूरचा घाट उतरताना ते कळतं. मोटार वाहन कायद्याचं, म्हणजे 1988 च्या कायद्याचं 52 वं कलमही कंपनीच्या मापात असा परस्पर बदल करू देत नाही. आरसीवर जे वजन लिहिलंय तेवढंच भरावं, असं मी स्पष्ट सांगेन. त्यानं एखाद-दुसरी खेप वाढते, हे मला माहीत आहे. तरीही.

मिस्त्री : तुमचं बरोबर आहे, पण तुम्हाला ते सांगणं सोपं आहे. त्याला एक खेप वाढली की एका खेपेचं डिझेल वाढतं. मी त्याला दोन्ही सांगतो. पाटा काढला तर काय मिळतं अन् ठेवला तर काय होतं. ठरवायचं त्यानं. पण पाचर मारून हादरा लपवून देणार नाही, हे कबूल.

निदेशक : तेवढं पुरे. पाटा काढताना सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट नवे घाला, जुने यू-बोल्ट ताणलेले असतात. आवळल्यावर थोडं चालवून परत आवळा. मग रिकामी गाडी साठला नेऊन बघा आणि कोन पुन्हा मोजा. तेव्हाच दोष सापडला असं म्हणू.

मिस्त्री : हे सगळं करतो. आता माझा प्रश्न. बिल कशाचं करू?

निदेशक : म्हणजे?

मिस्त्री : क्रॉस टाकला तर क्रॉसचे पैसे अन् मजुरी. गिअरबॉक्स उतरवला असता तर मजुरी चांगली आली असती. गिऱ्हाईक जुनी प्लेट हातात घेऊन बघतं, घासलेली दिसती, तिथल्या तिथं पैसे देतं. आज आपण काय केलं? रस्त्यावर फिरलो, मोजलं, विचारलं. एक पाटा काढायचे कितीक येणार? डॉक्टर गोळी न देताही तपासायचे पैसे घेतो. मला तपासायचे पैसे कुणी देत नाही. मग मी बदलणार नाहीतर काय करणार? भाग बदलण्यात माझं पोट आहे सर, अन् तुम्ही मला तेच सोडायला सांगायलात.

निदेशक : याला माझ्याकडं तयार उत्तर नाही. वर्गात आम्ही भाग खोलायला, जोडायला आणि मोजायला शिकवतो. शोधलेल्या दोषाची किंमत कशी सांगायची, हे शिकवत नाही. पोरं बाहेर पडून गॅरेज टाकतात आणि तुमच्यासारखीच अडकतात.

मिस्त्री : मग सांगा, मी काय लिहू?

निदेशक : लिहा, "दोष शोधणी". तासाप्रमाणे, आधी ठरवून. गाडी घेतानाच सांगा की शोधायचे इतके होतील, आणि दोष सापडला नाही तर निम्मे. सोबत कागदावर चाचण्या लिहून द्या. कोणत्या वेगाला काय दिसलं, कोन किती होते, काय केल्यावर काय बदललं. त्याला सुटा भाग दिसला नाही तरी काम दिसेल.

मिस्त्री : पहिले चार-पाच जण भांडतील.

निदेशक : भांडतील. पण क्रॉस, बेअरिंग, बॅलन्सिंग आणि क्लच यांची बेरीज त्यांना करून दाखवा.

मिस्त्री : मी लिहून बघतो. पण एक सांगतो. ज्याच्याकडं तेवढेबी पैसे नाहीत, त्याची गाडी मी तरी बघणार. त्याला शोधणीचं बिल लावणार नाही.

निदेशक : तो तुमचा अधिकार आहे. फक्त फुकट शोधलेलं कामही कागदावर लिहा. काम झालं होतं, हे त्याला कळू द्या.

वाद इथं थांबतो, पण तो पूर्ण मिटलेला नाही. वजनाच्या भाड्याचं काय करायचं, यावर दोघांचं एकमत झालेलं नाही, आणि ते या दोघांच्या हातातही नाही. मला निदेशकांची रीत पटते, कारण तिनं दोष सापडतो. पण मिस्त्रींचा शेवटचा प्रश्न मला या सगळ्या बोलण्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तालुक्याच्या गावात भाग बदलत जाणं हे कुणाच्या अडाणीपणाचं लक्षण नाही. आपण गाडीवाले पैसे कशाचे देतो, यातून ते घडतं. आपण लोखंडाचे पैसे देतो आणि विचाराचे देत नाही. मग विचार करणाऱ्याला तो वेळ परवडत नाही, आणि न लागणारं लोखंड आपल्याच गाडीत येऊन बसतं.

हे बदलायचं तर सुरुवात गाडीवाल्यालाच करावी लागेल, आणि ती गाडी घेतानाच. जुनी पिकअप किंवा जीप घेताना गावातल्या गल्लीत फिरवून समाधान मानू नका. मोकळ्या रस्त्यावर साठपर्यंत न्या, एकदा रिकामी आणि शक्य असेल तर एकदा आरसीवरच्या वजनाइतका माल घालून. खिडक्या बंद करून ऐका. मागच्या चाकांशी वाकून दोन्ही बाजूंचे पाटे मोजा आणि त्यांचे रंग, क्लिपा, बोल्ट यांत फरक दिसतो का ते पाहा. शाफ्टवर खुणा आहेत का ते पाहा. आधी काय काय बदललं त्याची बिलं मागा. एकाच दोषासाठी तीन भाग बदललेले दिसले, तर तो दोष अजून गाडीत असण्याची शक्यता मोठी आहे.

गाडी मिस्त्रीकडं नेताना चार गोष्टी न विचारता सांगा. हादरा कोणत्या वेगाला येतो. गिअर बदलला तर त्याच वेगाला येतो की सरकतो. गाडी भरलेली असताना येतो की रिकामी. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर कमी होतो की नाही. यातलं एकही उत्तर शोधायला पाना लागत नाही, आणि चारही उत्तरं मिळाली की संशयाचा घेर कितीतरी लहान होतो. या गाडीतही दोषाची खूण मालकाला रोज दिसत होती. ती त्याला सांगण्याजोगी वाटली नाही आणि कुणी विचारलीही नाही.

आणि पुढच्या वेळी एखाद्या मिस्त्रीनं काहीच न बदलता तुम्हाला दोष सांगितला, तर त्याच्या हातात जुना भाग दिसला नाही म्हणून घासाघीस करू नका. त्यानं तुमचा क्लच वाचवला आहे, तुमचा एक दिवस वाचवला आहे आणि कदाचित घाटातला एक अपघातही. बिलावर त्यानं शोधणीची मजुरी लिहिली असेल तर ती पूर्ण द्या. लिहिली नसेल तर ती लिहायला सांगा आणि मग द्या.